गिनती आणि हजेरी

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला कुणी नुसतं अपशिंगे म्हणत नाही, ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातली ४६ माणसं कामी आली. त्या भागात आणि खाली कोकणातही फिरताना चावडीच्या भिंतीत किंवा देवळाच्या आवारात संगमरवराची एक लहानशी पाटी दिसते. या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर. गावाचं नाव आणि दोन आकडे. माणसाचं नाव एकही नाही.

भालकीकडचे एक निवृत्त सुभेदारसाहेब आणि मी साताऱ्याकडे एका लग्नाला निघालो होतो, तेव्हा अशी एक पाटी रस्त्याकडेला लागली. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पाटी पुन्हा वाचली आणि म्हणाले, “गुरुजी, ही गिनती झाली. हजेरी कुठाय?”

फौजेत राहिलेल्या माणसाला या दोन शब्दांतला फरक सांगावा लागत नाही. संध्याकाळी गिनती होते. हजर किती, रजेवर किती, इस्पितळात किती, बेरीज जुळली की काम झालं. हजेरीत मात्र नाव पुकारतात आणि नावाचा धनी ओ देतो. या स्मरणिकेसाठी बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरचा आणि तिथल्या स्मारकाचा इतिहास लिहून द्या, असं संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा साहेबांचा तो प्रश्न डोक्यातून जाईना. मोहिमा आणि पदकं यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. पलटणीतल्या मेलेल्यांची नावं कुणी, कधी, कुठे लिहून ठेवली, आणि कुठे लिहिलीच नाहीत, तेवढा एक धागा धरून मी जाणार आहे.

आधी एका शंकेचं निरसन करतो. बीदर-कलबुर्गीच्या माणसाला बेळगावच्या सेंटरशी काय देणंघेणं? कोळार, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद ही सगळी गावं १९४८पर्यंत निजामाची. मराठा पलटणींची भरती मुख्यतः मुंबई इलाख्यातली, देशावरची आणि कोकणातली. त्यामुळे ती संगमरवरी पाटी आमच्याकडे सापडायची नाही. हैदराबादचे लान्सर्स पहिल्या महायुद्धात सुएझ आणि पॅलेस्टाईनकडे गेले होते खरे, पण ती संस्थानाची फौज. आमच्या वडीलधाऱ्यांनी भारतीय सेना जवळून पाहिली ती सप्टेंबर १९४८मध्ये. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची फौज सोलापूरहून निघाली, नळदुर्ग, उमरगा, आपलं राजेश्वर, जहीराबाद या सडकेने गेली आणि १७ तारखेला पहाटे तिची एक तुकडी बीदरमध्ये शिरली. त्याच वर्षी मे महिन्यात रझाकारांनी गोरट्यात जे हत्याकांड केलं, त्याचं स्मारक २०२३मध्ये उभं राहिलं. ते गावकऱ्यांचं स्मारक, सैनिकांचं नव्हे, म्हणून त्याचा इतिहास वेगळ्या लेखाचा विषय.

१ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली आणि बीदर, कलबुर्गी, बेळगाव तिन्ही जिल्हे म्हैसूर राज्यात एकत्र आले. भाषेच्या वादात ती तारीख आपल्याकडे वेगळ्याच कारणाने लक्षात ठेवतात. पण त्यानंतर सीमाभागातल्या मराठी पोराला भरती म्हटलं की बेळगाव आठवू लागलं, हेही तितकंच खरं. रात्रभराचा बसचा प्रवास, पहाटे पटांगणावर रांग, धावणं, छाती मोजणं, दात तपासणं. पास झालेला परत येतो तो पेढे घेऊन, नापास झालेला पुढच्या भरतीची तारीख घेऊन.

आता मूळ विषय. मुंबईच्या फौजेने आपल्या साध्या शिपायांची नावं दगडावर कोरली, त्याचा ठळक दाखला भीमाकाठच्या कोरेगावला आहे. १ जानेवारी १८१८ची लढाई, आणि २६ मार्च १८२१ला पायाभरणी झालेला स्तंभ. त्यावर मेलेल्यांची ४९ नावं आहेत, आणि त्यांतली २२ ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी, म्हणजे महार शिपायांची. मजकूर इंग्रजीत आहे, तसा मराठीतही आहे. त्या लढाईचा अर्थ काय लावायचा यावरून आज केवढं रण माजतं ते सर्वांना ठाऊक आहे, त्यात मला शिरायचं नाही. मला एवढंच दिसतं की १८२१मध्ये कंपनी सरकारला आपल्या साध्या शिपायाचं नाव माहीत होतं, ते दगडावर कोरण्याजोगं वाटलं, आणि त्याच्या भाषेत कोरावं असंही वाटलं. ही ओळ वाचकाने लक्षात ठेवावी. पुढे शंभर वर्षांनी काय झालं ते कळलं की तिचं वजन वाढतं.

मराठा लाइट इन्फंट्रीचं मूळ त्याआधीचं, १७६८चं. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई बेटाच्या आणि आपल्या वखारींच्या राखणीसाठी पलटण उभी केली, ती आजची पहिली मराठा, म्हणजे ‘जंगी पलटण’. पुढच्याच वर्षी उभी राहिलेली ‘काळी पांचवी’ ही आजची दुसरी मराठा. गंमत अशी की ज्या मराठ्यांच्या भीतीने ही पलटण उभी राहिली, त्यांचंच नाव पुढे तिला लागलं. ‘लाइट इन्फंट्री’ हा किताब काळ्या पांचवीला १८४१मध्ये मिळाला, आदल्या वर्षी बलुचिस्तानात काहूनचा किल्ला लढवल्याबद्दल. आणखी दोन पलटणींना तो ॲबिसिनियाच्या मोहिमेनंतर मिळाला. १९०३मध्ये लॉर्ड किचनेरने सगळ्या हिंदुस्थानी फौजेला नवे आकडे दिले, तेव्हा या घराण्यातल्या पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ झाल्या. मधल्या काळात इंग्रजांच्या डोक्यात ‘लढाऊ जाती’चं खूळ शिरलं होतं आणि त्या यादीत दख्खनचा मराठा बराच खाली घसरला होता. तो वर आला मेसोपोटेमियात, आणि त्यासाठी त्याला मरावं लागलं.

मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक. १९१४च्या शेवटी सहावी पुणे डिव्हिजन बसऱ्याला उतरली. तिच्या तीन ब्रिगेडींत एकेक मराठा पलटण होती, १०३, ११० आणि ११७. तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे जाताना फौज लांबली, मागची रसद तुटली, आणि जनरल टाउनशेंड कुत अल् अमाराला येऊन अडकला. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा वेढा चालला. नदीच्या वळणात चिखलाचं गाव, वरून तोफा, आत अन्न संपत चाललेलं. शेवटी घोडे आणि खेचरं कापली. गोऱ्यांनी ते मांस खाल्लं. हिंदुस्थानी शिपायांनी बराच काळ नकार दिला. मांस खाल्लं तर गावात जात-पंचायत काय म्हणेल, घरातली सोयरीक मोडेल का, ही चिंता त्यांना तुर्कांच्या गोळ्यांइतकीच खरी होती. धर्मगुरूंकडून परवानग्या मागवल्या गेल्या, तरी पुष्कळांनी ताटाला हात लावला नाही. हिरड्यांतून रक्त येणारा स्कर्व्हीचा आजार हिंदुस्थानी पलटणींत त्यामुळेच जास्त बळावला. शरणागती झाली तेव्हा साधारण तेरा हजार माणसं तुर्कांच्या हाती लागली. वाळवंटातून त्यांना पायी नेलं, आणि त्यांतली हजारो वाटेत आणि कैदेत संपली. कुठे संपली, याची नोंद ठेवायला जवळ कुणी कारकून नव्हता.

याच घराण्यातल्या ११४व्या पलटणीने युद्धाच्या अखेरीस शर्कतला जे केलं, त्यावरून बेळगावच्या स्मारकाला नाव मिळालं. ऑक्टोबर १९१८चे शेवटचे दिवस, मोसुलच्या दक्षिणेला तैग्रिसकाठी तुर्की फौजेला कोंडीत पकडलं होतं. या एका लढाईत पलटणीला शौर्याची २८ पदकं मिळाली, आणि एका लढाईतला तो विक्रम म्हणून रेजिमेंटमध्ये आजही सांगतात. ३० ऑक्टोबरला तुर्कस्तानशी युद्धबंदीचा करार झाला. शर्कतला जे कामी आले, ते करारापासून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या दिवसांच्या अंतरावर गेले. घरी तार पोचली असेल तेव्हा युद्ध संपलेलं होतं.

आता त्यांची नावं कुठे आहेत ते पाहू. १९१७मध्ये लंडनमध्ये इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झालं. हुद्दा, जात, वंश, धर्म न पाहता प्रत्येक मृत सैनिकाचं स्मरण नावानिशी व्हावं, हे त्यांचं तत्त्व. तत्त्व फार चांगलं, आणि फ्रान्समध्ये न्यव्ह शापेलच्या स्मारकावर ते पाळलंही गेलं. तिथे साडेचार हजारांवर हिंदुस्थानी नावं कोरलेली आहेत. पण बसऱ्याला, जिथे आपली सर्वांत जास्त माणसं गेली, तिथे १९२९मध्ये जे स्मारक उघडलं त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव आहे, हिंदुस्थानी अंमलदाराचं आहे, आणि हिंदुस्थानी शिपायाचा आहे तो आकडा. पलटणीचं नाव, खाली सुभेदार-जमादारांची नावं, आणि त्याखाली ‘आणि इतर इतके’. बसरा स्मारकावर चाळीस हजारांवर सैनिकांची नोंद आहे, आणि त्यांतले बहुसंख्य हिंदुस्थानी आहेत. त्यांची नावं कागदी नोंदवहीत राहिली, दगडावर आली नाहीत.

कोरेगावला १८२१मध्ये जे जमलं ते बसऱ्याला १९२९मध्ये जमलं नाही. दगड कमी पडला असं कुणी म्हणू नये. स्मारक चांगलं लांबलचक आहे. सद्दाम हुसेनच्या हुकमावरून १९९७मध्ये ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात ३२ किलोमीटर आत नेऊन पुन्हा उभं केलं, यावरून त्याच्या आकाराची कल्पना यावी.

या गोष्टीची कबुली यायला ९२ वर्षं लागली. एप्रिल २०२१मध्ये कमिशनच्याच चौकशी समितीने अहवाल दिला. पहिल्या महायुद्धातल्या ४५ हजार ते ५४ हजार सैनिकांचं स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने झालं नाही, आणि आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांचं नावाने झालं नाही किंवा मुळीच झालं नाही, असं त्यात म्हटलं होतं. हे मुख्यतः हिंदुस्थानी, आफ्रिकी आणि इजिप्शियन लोक. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये संरक्षणमंत्र्यांनी माफी मागितली. सुभेदारसाहेबांना मी ती बातमी वाचून दाखवली. त्यांनी “बरं झालं” म्हटलं आणि चहा मागवला.

याची दुसरी बाजू पुण्यात आहे. खडकीच्या युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी आहेत. हिरवळ कापलेली, प्रत्येक दगडावर नाव, वय, पलटण आणि पुष्कळदा आईबापांनी लिहून दिलेली एखादी ओळ. त्याच आवारात पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मेलेल्या अठराशेवर सैनिकांच्या नावांचं स्मारक आहे. जिथे जिथे त्यांच्या जुन्या कबरींची देखभाल होऊ शकत नव्हती, तिथली नावं इथे आणली. मुंबईच्या शिवडीतून तर ६२९ जणांचे अवशेष जून १९६२मध्ये खडकीला आणून पुन्हा पुरले. म्हणजे स्वतंत्र हिंदुस्थानच्या जमिनीवर, आपल्या माळ्यांच्या हातांनी, त्यांची हजेरी पूर्ण ठेवली जाते. याचा मला राग नाही. खडकीला गेलो की मी उलट शिकायला जातो. त्या माळ्याला विचारलं तर तो कबर कितव्या ओळीत ते सांगतो, वही न उघडता.

पुण्याचंच आणखी एक. १९ नोव्हेंबर १९२१ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पुण्यात दोन कोनशिला बसवल्या गेल्या, एक शिवस्मारकाची, दुसरी महायुद्धात पडलेल्या मराठ्यांच्या स्मारकाची. शिवस्मारकामागे राजर्षी शाहू महाराजांचा मोठा हात होता. पुढच्या वर्षी ते गेले. नानासाहेब करमरकरांनी घडवलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा १९२८मध्ये उभा राहिला आणि आज तो सर्वांना माहीत आहे. दुसऱ्या कोनशिलेबद्दल पुणेकरांना विचारून पाहा.

१९२२मध्ये फौजेची पुन्हा फेरमांडणी झाली. सहाही मराठा पलटणी ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ या एका रेजिमेंटमध्ये आल्या. मेसोपोटेमियातल्या कामगिरीबद्दल ११७व्या पलटणीला ‘रॉयल’ किताब मिळाला होताच. आणि शर्कतची ११४वी पलटण ही दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची पलटण होऊन बेळगावला बसली. सेंटर तेव्हापासून तिथेच आहे. नव्या रंगरुटाला शिकवणारी पलटण हीच शर्कत लढलेली, त्यामुळे स्मारकाचं नाव शर्कत असण्यात नवल नाही. १ ऑक्टोबर १९४१ला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली तीही बेळगावात, आणि तिच्या टोपीवरच्या पहिल्या चिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. ती रेजिमेंट पुढे मध्य प्रदेशात सागरला गेली. बेळगावच्या इतिहासात हा धागा सहसा सांगितला जात नाही, म्हणून इथे सांगितला.

सेंटरमधल्या पुष्पचक्राच्या कार्यक्रमाला मी एकदा सुभेदारसाहेबांबरोबर गेलो होतो. ‘शोक शस्त्र’चा हुकूम झाला, बंदुका उलट्या झाल्या, बिगुलावर लास्ट पोस्ट वाजला. हे सगळं टीव्हीवर पाहिलेलं असतं. माझ्या लक्षात राहिलं ते नंतरचं. मांडवात वीरनारी बसल्या होत्या, हातात चहाचे कप. एकमेकींची ओळख करून घेत होत्या. नाव, गाव काही नाही. “मी सात मराठा.” “मी बावीस मराठा.” “आम्ही काळी पांचवी.” नवऱ्याची पलटण हेच त्यांचं आडनाव झालं होतं. त्यांच्यातल्या एका म्हातारीने माझ्याकडे पाहून विचारलं, “तुमची कुठली?” मी शाळामास्तर, माझी कुठलीच नाही म्हटल्यावर तिने मान हलवली आणि कप पुढे केला, रिकामा, ठेवून यायला.

दुसऱ्या महायुद्धाची यादी मोठी आहे, आणि मला सगळी द्यायची नाही. एरिट्रियात केरनच्या डोंगरावर मार्च १९४१मध्ये तिसऱ्या पलटणीने लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड यांच्या हाताखाली ‘फ्लॅट टॉप’ टेकडी घेतली. जून १९४२मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा दुसरी पलटण कैदेत गेली. मार्च १९४४मध्ये मणिपूरच्या संगशाकला चौथी पलटण जपान्यांसमोर उभी राहिली. पण नावांच्या गोष्टीसाठी इटलीच जवळची.

माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा यशवंत घाडगे, नाईक, वय २२. १० जुलै १९४४, वरच्या तैबर खोऱ्यात त्याच्या कंपनीने मशिनगनांनी राखलेल्या मोर्चावर हल्ला केला. त्याच्या सेक्शनमधला प्रत्येक माणूस मेला किंवा घायाळ झाला, उरला तो एकटा. तो तसाच धावत गेला, ग्रेनेडने मशिनगन उडवली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग नेमबाजांनी त्याला टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्याची कबर कुठेही नाही. नाव आहे ते कॅसिनोच्या स्मारकावर, ज्यांचा पत्ता लागला नाही अशांच्या यादीत. बसऱ्यानंतर एवढा फरक पडला होता की नाईकाचंही नाव दगडावर आलं. ज्या हिंदू आणि शीख जवानांचं दहन झालं त्यांच्यासाठी संग्रो नदीकाठच्या स्मशानभूमीत वेगळं दहनस्मारक आहे, तिथे पाचशेवर नावं आहेत. ख्रिस्ती पद्धतीच्या स्मशानभूमीत राख झालेल्यांची सोय लावताना कुणीतरी नीट विचार केला होता.

घाडग्यांची गोष्ट तिथे संपली नाही. जुलै २०२३मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावाने आपल्या हद्दीत त्यांचं स्मारक उभं केलं, आणि ते पुतळ्याच्या रूपात नाही, सूर्यघड्याळाच्या रूपात. त्याच्यावरच्या लॅटिन मजकुराचा अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत. पळसगावच्या शेतकऱ्याच्या पोराची सावली इटलीतल्या गावकऱ्यांना वेळ सांगते, ही कल्पना कुणाला सुचली असेल त्याला माझा नमस्कार.

संगमनेर तालुक्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव मात्र परत आले. ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवर त्यांनी भूसुरुंगांतून दोन जखमींना पाठीवर आणलं, तीन मशिनगन मोर्चे बंद पाडले, आणि बांधावर उभं राहून मराठा युद्धघोष दिला. व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन ते गावी आले आणि १९८४मध्ये वारले. अशा माणसाच्या वाट्याला गिनती येत नाही, हजेरी येते, हे खरं. पण त्यांच्या पाठीवरून आलेल्या दोघांची नावं आपण कधी विचारतो का?

स्वातंत्र्यानंतरचा भाग वाचकांना जास्त परिचयाचा आहे, म्हणून भरभर सांगतो. मार्च १९४८मध्ये काश्मीरमध्ये झांगर परत घेताना तिसरी पॅराशूट मराठा होती. डिसेंबर १९७१मध्ये जमालपूरला जंगी पलटणीने लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली पाकिस्तानी पलटणीचा रस्ता अडवला. शरण या म्हणून पाठवलेल्या पत्राला समोरच्या कर्नलने पाकिटात बंदुकीची गोळी घालून उत्तर दिलं होतं.

‘मराठा’ नावाच्या यादीत कोण आहे तेही पाहा. अशोकचक्राचे मानकरी घ्या. १९५७मध्ये नागालँडमध्ये पडलेले कॅप्टन एरिक जेम्स टकर, काळी पांचवी. १९९३मध्ये नागालँडमध्येच पडलेले कर्नल एन. जे. नायर, सोळा मराठा, ज्यांना आधी कीर्तिचक्र मिळालेलं होतं. २०११मध्ये गुरेझला पडलेले लेफ्टनंट नवदीप सिंग, पंधरा मराठा, गुरदासपूरचे. तिघेही जन्माने मराठी नव्हेत, तिघेही मराठा पलटणीचे. सीमाभागात बसून भाषेवरून भांडणाऱ्या आम्हा लोकांना ही यादी अधूनमधून वाचायला हरकत नाही. आणि साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक, नोव्हेंबर २०१५मध्ये कुपवाड्यात राष्ट्रीय रायफल्सच्या ४१व्या बटालियनचं नेतृत्व करताना गेले. ही बटालियन मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेली. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७मध्ये स्वतः लष्करात अधिकारी झाल्या.

पुण्यात १९९८मध्ये नागरिकांच्या वर्गणीतून दक्षिण कमांडचं राष्ट्रीय युद्धस्मारक उभं राहिलं. आणि २५ फेब्रुवारी २०१९ला दिल्लीत इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्धस्मारक झालं. तिथल्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांवर सैनिकांची नावं आहेत, शिपायापासून वरपर्यंत, प्रत्येकाचा नंबर, हुद्दा, पलटण. इंडिया गेट स्वतः चौऱ्याऐंशी हजारांचं स्मारक आहे आणि त्यावर नावं आहेत तेरा हजारांवर. दोन्ही स्मारकं एकमेकांना दिसतील इतकी जवळ. हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर दिल्लीला गेल्यावर दोन्हीकडे जावं.

आपल्या भागाचं काय? बीदरच्या हवाई तळावरची शिकाऊ विमानं कोळारच्या शेतांवरून रोज जातात. मुलं आता वर बघतही नाहीत. हवाई कसरती करणारं ‘सूर्यकिरण’ पथक १९९६पासून बरीच वर्षं इथेच होतं, आणि २००६ आणि २००९मध्ये त्याचे वैमानिक आपल्याच जिल्ह्यात सरावात गेले. इथल्या शेतकऱ्यांना ते दिवस आठवतात. पण आमच्या तालुक्यांतून फौजेत गेलेल्या आणि परत न आलेल्यांची एकत्र यादी कुठल्याही एका कागदावर मला मिळाली नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पेन्शनपुरती नोंद असते, पलटणीकडे पलटणीपुरती, आणि घरात असते ती पेटीच्या तळाशी, साडीच्या घडीत ठेवलेली तार.

म्हणून या स्मरणिकेची शेवटची चार पानं आम्ही कोरी सोडली आहेत, रेघा आखून. ज्यांच्या घरातलं कुणी कामी आलं असेल त्यांनी त्यावर लिहावं: पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, सैनिक नंबर, पलटण, कुठे आणि कधी. जुनं डिस्चार्ज बुक, तार, पत्र, फोटो जे असेल त्याची प्रत जोडावी. मूळ कागद लगेच परत मिळतील. नंबर माहीत नसेल तर तो रकाना रिकामा ठेवा, नाव मात्र लिहा. भालकीच्या सुभेदारसाहेबांनी पहिल्या रेघेवर त्यांच्या पलटणीतल्या एका शिपायाचं नाव लिहून पान माझ्याकडे दिलं आहे. दुसरी रेघ रिकामी आहे.